वाक्याचे झाड आणि घरोघरचे पाहुणे

शाळेत वाक्यपृथक्करण शिकताना आपण वाक्याचे उद्देश्य आणि विधेय वेगळे काढत असू. प्रोग्रॅम वाचताना संगणकही तेच करतो. '२ + ३ × ४' हे त्याच्या लेखी एक उलटे झाड असते. वर बेरीज, तिच्या एका फांदीवर २, दुसरीवर गुणाकार, आणि गुणाकाराखाली ३ व ४.

हे झाड प्रोग्रॅममध्ये कसे मांडावे? वीसेक वर्षांपूर्वी जुनी पुस्तके घेऊन एकटाच शिकत होतो, तेव्हा मला सिम्युला ६७ ची वाट मोहक वाटली. ओस्लोत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी घडवलेली ही भाषा. तिच्या 'क्लास'मध्ये माहिती आणि त्या माहितीवरची कामे एकाच घरात नांदतात. बेरजेचे एक घर, गुणाकाराचे एक, अंकाचे एक. किंमत विचारली की बेरीज आपल्या दोन्ही फांद्यांना विचारते आणि मिळवून सांगते. उद्या वजाबाकी आली तर नवे घर बांधावे. जुन्यांना धक्का नाही.

मी फसलो तो पुढे. किमतीनंतर छपाई हवी झाली, मग चुकांची तपासणी. प्रत्येक नव्या कामासाठी घरोघर दार ठोठावत फिरलो.

जॉन रेनॉल्ड्स यांनी हे दुहेरीपण १९७५ मध्येच मांडले होते. प्रकारांनुसार रचना केली तर नवा प्रकार सोपा, नवे काम अवघड. कामांनुसार केली तर नेमके उलट. १९९४ च्या 'डिझाइन पॅटर्न्स' या चार लेखकांच्या पुस्तकात 'व्हिजिटर' ही तोड आहे आणि तिथले उदाहरणही कंपायलरच्या झाडाचेच आहे. प्रत्येक काम म्हणजे एक पाहुणा. तो दारी आला की घराने फक्त 'मी बेरीज' एवढे सांगायचे. पुढचे तो पाहतो. नवा प्रकार आणणे यात जड जाते, हे त्या पुस्तकाने लपवलेले नाही. तरी हा इतिहास सहसा प्रगतीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला त्यात अडचणीचे स्थलांतर दिसते. १९९८ मध्ये फिलिप वॉडलर यांनी या पेचाला 'एक्स्प्रेशन प्रॉब्लेम' असे नाव दिले.

माझे प्रकार ठरलेले होते, कामे वाढत होती. म्हणून मी पाहुणे बोलावले. तीन आठवड्यांनी वर्गमूळ हवे झाले, आणि नऊच्या नऊ पाहुण्यांना त्या नव्या घराची ओळख करून देत बसलो.