वाटखर्ची : कल्याण-ठाण्याच्या प्रवासी पैशाचा दीड शतकाचा हिशेब

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. त्यांत घाट, देवळे, बोटी, हॉटेले आणि भेटलेली माणसे भरभरून असतात. प्रवासाला लागलेला पैसा कुठून आला, हे मात्र बहुतेक लेखक एका वाक्यात उरकतात किंवा सांगतच नाहीत. आपल्या भाषेत या पैशाला 'वाटखर्ची' असा नेमका शब्द असूनही तिचा इतिहास कोणी फारसा मांडलेला नाही. कल्याण, ठाणे आणि डोंबिवली या पट्ट्याच्या सामाजिक इतिहासाविषयी वाचताना मी हा एकच प्रश्न धरून ठेवला: लांबच्या आणि लांबलेल्या प्रवासाचा खर्च सामान्य माणसाने भागवला कसा?

हा पट्टा त्यासाठी सोयीचा आहे. देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंत आली. एकोणिसाव्या शतकातल्या दोन गाजलेल्या मराठी प्रवासांचे धागे कल्याणला येऊन मिळतात. आणि विसाव्या शतकात नोकरदार मध्यमवर्गाची जी वस्ती डोंबिवलीत उभी राहिली, तिने काटकसरीच्या सहलीला घरातली नियमित बाब करून टाकले. या सगळ्यातून वाटखर्चीच्या तीन रीती दिसतात: मिळवत जाणे, मागून जाणे आणि साठवून जाणे. त्या एकामागून एक आल्या, पण एकीने दुसरीला पूर्ण हटवले असे झाले नाही.

मिळवत जाणे

विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे. १८५७ साली ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा चांगली मिळेल, ही बातमी कोकणात पोहोचली होती. म्हणजे आजच्या भाषेत, ते कामाच्या शोधात निघाले आणि प्रवास त्या कामाच्या ओघात घडला. महूच्या आसपास पोहोचतात तोच बंड उसळले. पुढची दोन-अडीच वर्षे ते ग्वाल्हेर, झाशी, चित्रकूट, अयोध्या, काशी असे फिरत राहिले. झाशी पडली तेव्हा ते शहरात होते. वाटेत लुटले गेले, पुन्हा कुठे अनुष्ठान, कुठे दानधर्म गाठून चार पैसे जोडले, ते पुन्हा गेले. अखेर हाती राहिली ती मुख्यतः गंगेची कावड. कर्ज फेडायला निघालेला माणूस पुण्य घेऊन परतला.

हा वृत्तान्त आपल्या हाती आला तो एका कल्याणकरामुळे. भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांचा जन्म १८६१ साली कल्याणला झाला. ग्वाल्हेर संस्थानात ते न्यायाधीश होते, आणि १९३८ साली कल्याणलाच वारले. गोडसे भटजींनी त्यांच्या सांगण्यावरून आठवणी लिहिल्या आणि वैद्यांनी 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. आपण हे पुस्तक सत्तावन्नच्या धामधुमीसाठी वाचतो. मी ते वाटखर्चीची वही म्हणूनही वाचतो, आणि तसे वाचले की त्या काळच्या प्रवासाची व्यवस्था उलगडते. घरून निघताना फार पैसा लागत नसे. पायी चालायचे, धर्मशाळेत किंवा देवळात उतरायचे, अन्नछत्रात जेवायचे आणि विद्येच्या बळावर दक्षिणा मिळवायची. पेशवाईत श्रावणमासातल्या दक्षिणेसाठी ब्राह्मण पुण्याला जात, त्याच सवयीचा हा लांब पल्ला होता.

पण ही सोय सर्वांना नव्हती, हेही नोंदवायला हवे. दक्षिणेवर फिरणे हा पुरुषाचा, आणि त्यातही वेदविद्या शिकलेल्या ब्राह्मणाचा मार्ग. इतरांना लांबचा मुलूख दिसे तो लष्करच्या चाकरीत, बैलांच्या तांड्याबरोबर किंवा वारीत. वारीच्या दिंडीत जेवणाखाण्यासाठी प्रत्येकाने भरायच्या रकमेला 'भिशी' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, तो पुढे डोंबिवलीत भेटणार आहे.

आधी तिकीट

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणला पोहोचले. कल्याणपासून एक फाटा थळघाटाकडे आणि दुसरा बोरघाटाकडे गेला. १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला आणि ज्या काशीला महिनोन् महिने लागत, ती काही दिवसांवर आली.

रेल्वेने प्रवास स्वस्त केला, वेळ वाचवला, बायका-मुलांना वाट मोकळी केली, हे सर्व खरे. पण तिने एक गोष्ट उलटी केली, तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. पायी जाणारा माणूस वाटेत कमवू शकत होता. रेल्वेला मात्र पैसा आधी लागतो, रोख लागतो, आणि खिडकीवर लागतो. कल्याण ते काशी या प्रवासात आता 'वाट' उरलीच नाही, म्हणून वाटेवरची कमाईही उरली नाही. खर्चाचा सगळा भार निघण्याच्या दिवसाआधी येऊन पडला. प्रवासासाठी बचत करण्याची गरज इथून सुरू होते, असे माझे मत आहे.

ही बचत ठेवायची कुठे, याला सरकारी उत्तर मिळाले ते १८८२ साली. त्या वर्षी टपाल खात्याने देशभर पोस्टाची बचत बँक सुरू केली. पण त्याच खात्यातल्या एका कारकुनाच्या घरची गोष्ट सांगते की, पगारातून साठवून अमेरिका गाठणे तेव्हा अशक्य होते.

मागून जाणे

आनंदीबाई जोशी या कल्याणच्या पारनाक्यावरच्या जोशी घराण्यातल्या. जन्म १८६५ चा, नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न होऊन त्या गोपाळराव जोशींच्या घरी आल्या. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. बदल्यांमागे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे करीत बिऱ्हाड बंगालात श्रीरामपूरला पोहोचले. पत्नीला अमेरिकेत शिकवावे म्हणून गोपाळरावांनी १८७८ साली कोल्हापूरच्या मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले. मदतीचा रस्ता धर्मांतराकडून जात होता. दोघांनी तो घेतला नाही. ते पत्र मात्र छापले गेले आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले. त्यांनी आपले घर देऊ केले. म्हणजे राहण्याची सोय झाली, बोटीचे भाडे राहिले.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. वय अठराच्या आत. मी अमेरिकेस का जाते, इथे का शिकता येत नाही, एकटी का जाते, जातीबाहेर टाकले तर काय, अशा प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन असे जाहीर सांगितले. त्यानंतर देशभरातून मदत आली. व्हाइसरॉयांनी २०० रुपये दिले. अंगावरचे सोनेही विकावे लागले. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून मिशनरी बायकांच्या सोबतीने बोटीवर चढल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. ५८ दिवस लागले.

ते भाषण आजवर स्त्रीशिक्षणाचा दस्तऐवज म्हणून वाचले गेले आणि तसे वाचणे योग्यच आहे. पण ते वाटखर्चीच्या इतिहासातलेही पान आहे. वर्गणीने जाणाऱ्याला वर्गणीदारांपुढे हिशेब द्यावा लागतो, आणि तो पैशांत नसतो, वागणुकीत असतो. आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या थंडीत शाकाहारी राहिल्या, साडी सोडली नाही. हा त्यांचा स्वभाव होता, निश्चय होता. पण हजारो डोळे त्या वचनाकडे लागले होते हेही तितकेच खरे. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात क्षयाने गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. गोपाळराव मागाहून स्वतः अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी व्याख्याने दिली आणि पदवीदानाला ते हजर होते. त्यांच्यावर असे कोणतेही वचन नव्हते. एकाच घरातल्या दोन प्रवाशांमधला हा फरक मला त्या सगळ्या कथेतला सर्वांत बोचरा भाग वाटतो.

साठवून जाणे

स्वातंत्र्यानंतर प्रवासाचा पैसा आणखी एका दाराने घरात आला, तो नोकरीच्या. कल्याणच्या रेल्वे वसाहतीला पासाची सवय आधीपासून होती. लोको शेडमधल्या फिटरचे कुटुंब रामेश्वर बघून येई आणि त्याच्याहून जास्त पगाराचा खासगी कारकून नाशिकच्या पुढे गेलेला नसे, तो या पासामुळे. १९५६ साली केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत दिली. ती एलटीसी म्हणून रुळली. पुढे बँकांमध्ये तशीच सवलत एलएफसी नावाने आली. सकाळची लोकल पकडून सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत जाणाऱ्या डोंबिवलीला या दोन अक्षरसमूहांनी जेवढा भारत दाखवला, तेवढा कोणत्याही प्रवासवर्णनाने दाखवला नसेल. चार वर्षांचा 'ब्लॉक' संपत आला की घरात नकाशा उघडे.

पण सवलत मिळे ती भाड्याची. राहणे, जेवणे, टांगा-रिक्षा, देवदर्शन, शाली आणि भेटवस्तू हे सगळे खिशातून. हा जो उरलेला खर्च, त्यासाठी इथल्या घरांनी जी व्यवस्था केली ती खरी डोंबिवलीकरांची कर्तबगारी. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. तीन-चार वर्षांत तीन शहरांत उभ्या राहिलेल्या या बँका पगारदार आणि छोट्या व्यापारी ठेवीदारांच्याच होत्या. पोस्टाची आरडी तर घरी येऊ लागली. १९७२ च्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेत स्त्रिया एजंट झाल्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कार्डाची थप्पी घेऊन जिने चढणाऱ्या त्या बाईला इमारतीतल्या प्रत्येक घराचे बेत ठाऊक असत: कोणाचे लग्न, कोणाचा फ्रीज, कोणाचे काश्मीर.

आणि भिशी. तिचे गणित साधे दिसते, पण त्यात शहाणपण आहे. समजा बारा जणी दरमहा शंभर रुपये टाकतात. दर महिन्याला चिठ्ठी निघते आणि एकीला बाराशे मिळतात. पहिल्या चिठ्ठीवालीसाठी ते बिनव्याजी कर्ज असते, शेवटचीसाठी बिनव्याजी बचत. मधल्या सगळ्या थोड्या कर्जदार, थोड्या ठेवीदार. चाळीत, सोसायटीत, लोकलच्या महिलांच्या डब्यात चाललेल्या अशा भिश्यांत मे महिन्याच्या सहलीसाठी एप्रिलचा नंबर मागून घेण्याची पद्धत होती. चिठ्ठी न काढता सर्वसंमतीने तो दिला जाई. व्याज नाही, कागद नाही, जामीन नाही. रोज सकाळी त्याच डब्यात भेट होणार, हाच जामीन. दिंडीतली भिशी वाटेवरचे जेवण चालवते, डब्यातली भिशी निघण्याआधीचा पैसा उभा करते. रेल्वेने खर्च आधी मागितला आणि भिशीने तो आधी जमवून दिला.

खर्च आखडण्याच्या तऱ्हाही तितक्याच पक्क्या होत्या. दशम्या, चिवडा, लाडू, मेतकुटाचा डबा. परगावी नातेवाईक, धर्मशाळा किंवा महाराष्ट्र मंडळाची खोली. महाराष्ट्रात फिरायचे तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास, तो १९८८ पासूनचा. पालघर तालुक्यातून आलेल्या केसरी पाटलांनी १९८४ साली स्वतःची पर्यटन कंपनी काढली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. मराठी जेवण आणि मराठी बोलणारा माणूस बरोबर देणाऱ्या अशा कंपन्यांना जे गिऱ्हाईक मिळाले, ते आरडी आणि भिशीने आधीच तयार केलेले होते. महिन्याचा हप्ता भरायला ते शिकलेले होते, फक्त आता हप्ता सहलीच्या नावाने भरायचा होता. परदेशाचे दार मात्र बराच काळ पैसे असूनही बंद राहिले. परकीय चलनाच्या टंचाईच्या वर्षांत प्रवाशाला जवळ अवघे ८ डॉलर नेता येत. आनंदीबाईंची अडचण रुपयांची होती, त्यांच्या पणतीच्या वयाच्या मुलींची डॉलरची.

ज्याचा पैसा त्याची वाट

तिन्ही रीती शेजारी ठेवल्या की एक सूत्र दिसते. प्रवासाचा पैसा कुठून आला, त्यावर प्रवास कोणाला बांधील राहणार हे ठरते. दक्षिणेवर निघालेले गोडसे भटजी यजमानांच्या मर्जीला आणि घरच्या कर्जाला बांधील होते. वर्गणीवर गेलेल्या आनंदीबाई एका समाजाला बांधील होत्या. एलटीसीवर जाणारा कुटुंबप्रमुख ब्लॉकच्या मुदतीला, मंजूर रजेला आणि जपून ठेवायच्या तिकिटांना बांधील होता. या सगळ्यांत सर्वांत मोकळा पैसा होता तो भिशीचा, कारण तो आपलाच, आपणच बाजूला काढलेला आणि मैत्रिणींच्या भरवशावर ठेवलेला. आज नोकरी सोडून सहा महिने हिंडायला निघणारी डोंबिवलीतली मुलगी दोन-तीन वर्षे दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकते, तेव्हा ती याच परंपरेत असते. तिच्या आजीने ती रक्कम कुटुंबाच्या सहलीसाठी जमवली, नात ती स्वतःसाठी जमवते. हा बदल लहान नाही. आनंदीबाईंना जे वचन द्यावे लागले, ते या मुलीकडे कोणी मागू शकत नाही.

दुर्दैव असे की, वाटखर्चीच्या या शेवटच्या आणि सर्वांत मोकळ्या प्रकाराचा कागद उरत नाही. गोडसे भटजींना वैद्य भेटले. आनंदीबाईंचे चरित्र त्यांच्या मृत्यूनंतर लगेच लिहिले गेले. एलटीसीचे नियम राजपत्रात आहेत. भिशीची वही मात्र फेरा पुरा झाला की फाडून टाकतात, आरडीचे कार्ड मुदत संपली की जमा होते, आणि सहलीच्या फोटोंत हिशेब ठेवणारी बाई बहुधा कडेला उभी असते. या भागाचा पुढचा इतिहास लिहायचा तर याच वह्या लागतील. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादी जुनी डायरी निघाली, तिच्यात दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी 'काश्मीर' असे लिहून त्यापुढे आकडे मांडलेले दिसले, तर ती रद्दीत घालू नये. वर्ष, नावे आणि प्रत्येकीचा हप्ता एवढे तरी एका कागदावर उतरवून ठेवावे.