तेल पाहिलं, हवा पाहिली नाही



जोधपूरच्या पोस्टिंगबद्दल लिहा, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. वाळू, लू आणि पाण्याचा टँकर यांवर सगळ्यांनीच लिहिलंय. मी एका इंजिनाबद्दल लिहितो, कारण त्या इंजिनात माझी एक चूक आहे.

1994 सालचा मे महिना. मी ईएमईमध्ये हवालदार, हुद्दा वेहिकल मेकॅनिक. छावणीजवळ रिसाल्यातले एक निवृत्त कर्नलसाहेब राहायचे. त्यांच्याकडे जुनी फोक्सवॅगन बीटल होती, 1960च्या दशकातली. इंजिन मागे, रेडिएटर नाही, पाणी नाही, सगळं हवेवर. सुट्टीच्या दिवशी मी ते इंजिन खोलून दिलं. रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासले, तेल नवं भरलं. खोलताना डाव्या बाजूच्या दोन सिलिंडरांच्या खाली एक गंजलेला, वाकडा पत्रा निघाला. मला वाटलं, धुळीसाठी लावला असेल. फेकून दिला.

आठ दिवसांनी साहेब मेमसाहेबांना घेऊन जैसलमेरला निघाले. पोखरणच्या अलीकडे तेलाचा दिवा लुकलुकायला लागला आणि गाडीची ताकद गेली. मग इंजिन जागच्या जागी धरलं. भर दुपारी लूमध्ये दोघं म्हातारी माणसं चार तास रस्त्यावर बसून होती. पाण्याची एकच बाटली होती. शेवटी एका लष्करी ट्रकने गाडी ओढून आणली.

पुन्हा इंजिन खोललं. तीन पिस्टन ठीक होते. तिसऱ्या नंबरच्या पिस्टनवर उभे ओरखडे होते आणि त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या लोखंडाला चिकटलेलं. साहेब बाजूला खुर्ची टाकून बसले होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, तेल तो देखा, हवा नहीं देखी."

तिसराच का, हा प्रश्न मला सोडेना. पुढे जिथे पोस्टिंग मिळालं तिथल्या लायब्ररीत या इंजिनांचा इतिहास शोधत गेलो.

मूळ अडचण अशी. सिलिंडरला बाहेरून फिन्स असतात, त्यांना वारा लागतो. पिस्टन मात्र आत असतो, त्याला वारा कधीच लागत नाही. डोक्यावर आग दोन हजार अंशांच्या वर, आणि ती उष्णता बाहेर जायला वाटा दोनच. मोठी वाट रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीकडे, दुसरी खालून उडणाऱ्या तेलाकडे. त्यात ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. फट संपली, तेलाचा थर तुटला, की पिस्टन भिंतीला धरतो. म्हणून हवेच्या इंजिनात तेलाला दोन ड्युट्या असतात, वंगणाची आणि थंड करण्याची. तेल तापून पातळ झालं की दोन्ही ड्युट्या एकदम सुटतात.

अमेरिकेत जनरल मोटर्सला हा धडा महाग पडला. चार्ल्स केटरिंग या नामांकित इंजिनिअरने सिलिंडरला तांब्याच्या फिन्स जोडलेली शेवरोले बनवली. 1923मध्ये ती बाजारात आली. उष्ण हवेत तिची ताकद जायची, ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटायचं. 759 गाड्या तयार झाल्या आणि त्याच वर्षी कंपनीने सगळ्या परत मागवल्या.

फर्डिनांड पोर्शे यांच्या माणसांनी 1930च्या दशकात तोच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. फ्रान्झ झेवियर राइमश्पीस यांनी बीटलचं चार सिलिंडरचं आडवं इंजिन आखलं. डायनॅमोच्या शाफ्टवर पंखा बसवला. गाडी उभी असली तरी वारा चालूच. पत्र्याच्या कवचातून तो वारा सिलिंडरांवर जायचा, आणि सिलिंडरांखालचे वाकडे पत्रे त्याला खालच्या बाजूनेही गुंडाळून न्यायचे. मी फेकलेला पत्रा तोच! तो नसला की वारा दोन सिलिंडरांच्या मधल्या फटीतून सरळ खाली पळतो आणि खालची बाजू तापत राहते.

तेलाचीही सोय होती. तेल फक्त अडीच लिटर, पण पंख्याच्या कवचातच एक ऑइल कूलर उभा केलेला. तेल थंड आणि घट्ट असताना एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह त्याला कूलर टाळून थेट बेअरिंगकडे पाठवायचा. तापून पातळ झालं की कूलरमधून.

याच इंजिनावर जर्मन फौजेची क्युबेलवॅगन चालली. ती आफ्रिकेच्या वाळवंटात रोमेलच्या सैन्याची पळती गाडी होती. तिला पाणी लागत नव्हतं, आणि वाळवंटात पाणी माणसासाठी ठेवायचं असतं. आपल्या वाचकांना हेही माहीत असावं, की जून 1942मध्ये तोब्रुकला याच सैन्यासमोर मराठा पलटण उभी होती. 11व्या भारतीय ब्रिगेडमधली 5व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन. 21 जूनला तोब्रुक पडलं आणि आपले कितीतरी जवान कैदी झाले. वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवताना मला ती माणसं आठवायची.

आता तिसऱ्या सिलिंडरकडे येऊ. ऑइल कूलर उभा होता तो नेमका डाव्या बाजूला, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेवर. पंख्याचा वारा आधी कूलरमधून जायचा आणि गरम होऊन तिसऱ्यावर पडायचा. म्हणजे तेल थंड करण्याची किंमत एकटा तिसरा मोजत होता. कंपनीला हे कळलं तेव्हा पहिला उपाय तात्पुरता केला. डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर तिसऱ्या नंबरची ठिणगी इतरांपेक्षा थोडी उशिरा पडेल असं केलं, म्हणजे त्याच्यावरचा ताप कमी. खरा उपाय आला 1971च्या मॉडेलमध्ये. कूलर वाटेतून बाजूला काढून त्याला स्वतःचं वेगळं घर दिलं, पंखा रुंद केला, आणि कूलरमधली गरम हवा थेट बाहेर सोडली. तिसऱ्याला पहिल्यांदाच ताजा वारा मिळाला.

पोर्शे 911ने पुढचं पाऊल टाकलं. 1964पासून उत्पादनात आलेल्या या गाडीत तेल खालच्या चेंबरमध्ये न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवलं, तेही नऊ लिटरच्या आसपास. एक पंप तेल देणार, दुसरा खालून ओढून परत नेणार. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला क्रँककेसमध्ये बारीक नोझल बसवले. दाब पुरेसा वाढला की ते उघडतात आणि पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची धार सोडतात. दाब कमी असताना बंद, म्हणजे बेअरिंगचं तेल चोरीला जात नाही. ज्या पिस्टनला वारा लागत नव्हता, त्याला शेवटी तेलाची धार मिळाली. हवेवरची 911 1998पर्यंत बनत राहिली.

साहेबांच्या गाडीत ना वेगळं घर होतं, ना नोझल. मी नवा पिस्टन बसवला आणि रिकाम्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, दुसऱ्या बाजूच्या पत्र्यावर माप घेऊन, तसाच वाकवून लावला. मग रात्री साडेतीन वाजता साहेबांबरोबर स्वतः गाडीत बसलो आणि उन्हं चढायच्या आत पोखरण गाठलं. तेलाचा दिवा लागला नाही. परत येताना मेमसाहेबांनी मला थर्मासमधला चहा दिला. मागच्या वेळच्या चार तासांबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्याने जास्त लाज वाटली.

पुढे इन्स्ट्रक्टर झालो तेव्हा प्रत्येक बॅचच्या पहिल्या तासाला तो ओरखडलेला पिस्टन पोरांच्या हातात द्यायचो. तुमचं काम संपून टेबलावर एखादा तुकडा उरला, तर तो कशासाठी आहे हे कळेपर्यंत गाडी द्यायची नाही, एवढंच सांगायचो. आता निवृत्तीनंतर तो पिस्टन गावी माझ्या टेबलावर आहे. नातू त्यात पेन ठेवतो.

तुमच्याही वर्कशॉपमधली अशी एखादी चूक असेल तर जरूर कळवा. जय हिंद!