रात्रीचं नागपूर

पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडची एसटी बंद, पेपर बंद. मग उरायचा तो ट्रान्झिस्टर. आमच्याकडच्या रेडिओचा इतिहास आभाळापासूनच सुरू करावा लागतो, असं मी वर्गात मुलांना नेहमी सांगायचो.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८च्या जुलैत सुरू झालं. इथून ते सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून येतात. वर गेलेल्या लहरींना साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा खालचा थर शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि शंभर किलोमीटरच्या वरचे थर त्याच लहरी पुन्हा खाली धाडतात.

कुठे किती ताकदीचा आवाज पोचेल, हे आधीच मांडता यावं म्हणून १९३८च्या कैरो परिषदेत आलेख ठरले. त्यामागची मोजमापं मुख्यतः युरोप-अमेरिकेतली, आपल्या रात्री त्यांत नव्हत्या. पुढच्या सूत्रांत अंतराबरोबर भूचुंबकीय अक्षांश आणि सूर्यावरचे डागही आले. ही दुरुस्ती मला फार मोलाची वाटते, कारण विषुववृत्ताजवळची रात्र वेगळीच वागते. १९७५च्या जिनिव्हा परिषदेने स्टेशनांमध्ये नऊ किलोहर्ट्झचं अंतर ठरवलं. नागपूरचे ५८५ आणि १५६६ किलोहर्ट्झ हे दोन्ही आकडे नऊने भागून बघा.

१५६६वर १८ मे १९८८ला राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. एक हजार किलोवॉट, देशाच्या मध्यावरून आणि फक्त रात्री. सगळी भिस्त आकाशलहरींवर, म्हणजे वरच्या थरांवरून परतणाऱ्या लहरींवर. दूरच्या गावांना त्यांचा फायदा झाला. आमची अडचण जवळ असण्याची होती. जमिनीवरून आलेली लहर क्षीण झालेली, वरून आलेली तिच्याच बरोबरीची. दोघी कधी एकमेकींना जोर देत, कधी पुसून टाकत. बातमी ऐन रंगात येई आणि आवाज खोल जाई. मग सेट हळूहळू फिरवायचा. आतली अँटेनाची काळी दांडी वायव्येला आडवी झाली की नागपूर वर येई. ती नागपूरच्या दिशेने टोक करून राहिली, तर नुसती खरखर.

जूनमध्ये मात्र कितीही फिरवा. शेकडो किलोमीटरवर कडाडणाऱ्या विजांची खरखरही रात्री त्याच थरांवरून येते. म्हणूनच आपल्या भागात लहर किती पोचेल एवढंच मोजून भागत नाही. त्या रात्री विजा किती, हेही हिशेबात धरावं लागतं. रेडिओची सर्वांत जास्त गरज पुराच्या दिवसांत, आणि विजाही त्याच दिवसांत.