कपाळाची कातडी, रेशमाचा साचा

मार्च १७९१. होसकोट्याच्या तलावाच्या बांधावर तुम्ही उभे आहात आणि कोलारच्या दिशेनं धुळीचा लोट चढत येतोय. इंग्रजांच्या लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज बंगळूरवर निघाली आहे. दीडशे वर्षांपूर्वी हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत होता. आज टिपूकडे आहे, उद्याचं कुणी सांगावं.

तोफा नंतर बघा. आधी बैल बघा. तांदूळ, दारूगोळा, तंबू, सगळं त्यांच्या जिवावर चाललंय. खांदे सोलवटलेले, बरगड्या वर आलेल्या. पाणी दिसताच ते कासरा जुमानत नाहीत आणि हाकणारे शिव्या घालत त्यांच्यामागे चिखलात उतरतात. या माणसांच्या हातात चाबकाशिवाय काही नाही. पण फौज अडवायची तर शत्रू आधी यांनाच धरतो.

याच युद्धात असाच बैल हाकणारा एक मराठा शेतकरी, कावसजी, टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. तशाच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणाजवळ इंग्रजांच्या मुंबई फौजेला येऊन मिळाला. पुढं वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा वावरला.

आता पुण्याकडे चला. १७९३ चा मार्च. कावसजी उताणा निजलाय आणि त्याच्या उशाशी विटा करणाऱ्या जातीतला एक माणूस बसलाय. त्याचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. तुम्ही जवळ सरका, हात बघा.

मेणाची पातळ चकती तो नाकाच्या खुंटावर बसवतो, बोटांनी दाबून तिला नाकाचा घाट देतो. मग ती सपाट करून कपाळावर ठेवतो आणि भोवती रेघ मारतो. त्या रेघेवरून सुरी फिरते, कातडी सुटत येते. सगळी मात्र सुटत नाही. दोन भुवयांच्या मधे एक अरुंद पट्टा तो जाणूनबुजून जोडलेला ठेवतो. तिथून नजर हलवू नका. सगळी विद्या त्या पट्ट्यात आहे, कारण रक्त तिथून येणार आहे. नाकाच्या खुंटावरचा जुना वण खरवडून तो जागा ताजी करतो, कडेनं चीर देतो, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणतो आणि तिची कड त्या चिरेत बसवतो. टाका एकही नाही. पाण्यात कालवलेला कात फडक्याच्या पट्ट्यांवर पसरून पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस तेवढंच. मग तुपात भिजवलेली फडकी. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून आत मऊ चिंध्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधला पट्टा कापला जातो, कारण आता नाकाला स्वतःचं रक्त मिळू लागलेलं असतं.

क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली होती. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिची हकिगत कावसजीच्या चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यूनं १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीचं एक मूळ असं पुण्याजवळच्या त्या मेणात आहे, आणि हे आपल्या शाळेतल्या पोरांना ठाऊक असलं पाहिजे.

आता स्वतःच्या नाकाचा शेंडा दाबा. वाकतो आणि परत जागेवर येतो. ती कूर्चा. कावसजीच्या नव्या नाकात ती नव्हती. कपाळाच्या कातडीत कूर्चा नसतेच. पुण्याच्या त्या कसबी माणसानं कातडी जगवली, तिला आतून आधार देणं त्याच्या हातात नव्हतं. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तुटलेलं हाड सांधतं पण बिघडलेली कूर्चा सहसा भरून येत नाही. बिघडलेली कूर्चा भरून येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटरनं १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं.

सवादोनशे वर्षांची उडी घ्या. स्वित्झर्लंडमधलं बाझल. कातडीच्या कर्करोगामुळे नाकपुडीचा भाग काढावा लागलेले पाच रुग्ण. त्यांच्याच नाकाच्या पडद्यातून कूर्चेचा तुकडा घेऊन पेशी वाढवल्या. सपाट ताटलीत वाढताना या पेशी आपला कूर्चेचा गुण हरवून बसतात; चहूबाजूंनी जागा मिळाली की तो परत येतो. म्हणून त्यांना कोलॅजेनच्या सच्छिद्र साच्यावर सोडलं. तयार झालेली कूर्चा रुग्णांच्या नाकात बसवली आणि २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते काम छापलं. वरून झाकायला कातडी कुठली? गालाकडची, नाहीतर कपाळाची, पट्टा जोडलेला ठेवून वळवून आणलेली.

हाडाचा हिशेब वेगळा. तिथं साच्याच्या आत रक्तवाहिन्या शिरल्या पाहिजेत. छिद्र साधारण शंभर मायक्रॉनच्या वर हवं, तीनशेच्या आसपास असेल तर आणखी बरं, आणि एका छिद्रातून दुसऱ्यात वाट हवी. शिवाय स्लॅब पक्का झाला की सेंटरिंग काढतात, तसा हा साचा हाड भरत जाईल तसा विरला पाहिजे.

असा साचा रेशमाचाही होतो. मैसूर मुलखात रेशीमकिडे बंगालहून आणवले टिपूनंच. होसकोट्याच्या रस्त्यानं आज शिडलघट्ट्याच्या बाजाराकडे कोष जातात. कोष सोड्यात उकळून त्यांचा डिंक काढतात, उरलेलं फायब्रॉइन हे प्रथिन विरघळवतात, त्यात मिठाचे मोजून निवडलेले खडे घालतात. फायब्रॉइन घट्ट झालं की मीठ धुऊन टाकायचं. खड्याएवढं छिद्र मागे राहतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ यांनी रेशमाच्या फायब्रॉइनवर काम केलं, आणि हाडातली पोकळी भरण्याचं साहित्य बनवण्यासाठी त्यातून सेरिजेन ही कंपनी उभी राहिली.

प्रवास संपला, आता तुमच्या गुडघ्याबद्दल. पेशी आणि साचे वापरून कूर्चा भरण्याचे उपचार आपल्याकडेही आहेत. ते पडून किंवा खेळताना झालेल्या, मर्यादित जागेच्या इजेसाठी. वयानं झिजलेल्या सबंध सांध्यासाठी नव्हेत. ‘कूर्चा पुन्हा उगवून देतो’ म्हणत कुणी पैसे मागितले, तर पेशी कुणाच्या, साचा कशाचा आणि औषध नियंत्रकांची मान्यता आहे का, एवढं विचारल्याशिवाय सही करू नका.