रेडिओ, टेप आणि चिप

आमच्या घरात पहिला ट्रान्झिस्टर आला तो १९७१ साली, लढाईच्या दिवसांत. मी तेव्हा पाचवीत होतो. आण्णांनी शेंगा विकून आलेल्या पैशांतून तो विट्याच्या बाजारात घेतला, आणि घेतला तो बैल पारखावा तसा. दात बघायची सोय नव्हती म्हणून मागचं झाकण उघडून सेलच्या पट्ट्या बघितल्या. दुकानदारानं आवाज वाढवून दाखवला तर म्हणाले, "दुकानात समदंच बोलतंय. भाईर रस्त्यावर घ्या." रस्त्यावर, एस.टी.च्या घरघरीत, सांगली केंद्र लावून बघितलं. दुसरा प्रश्न, "किती सेल खातोय?" आणि तिसरा, "बिघडला तर विट्यात कोण उघडंल?" पुढं पन्नास वर्षांत मी जेवढी गाणारी यंत्रं घेतली तेवढी ह्याच तीन प्रश्नांवर घेतली. जिथं हे प्रश्न विसरलो तिथं फसलो.

त्याआधी रेडिओ म्हंजे पाटलांच्या वाड्यातली मोठी पेटी. आत काचेचे वॉल्व्ह, ते तापल्याशिवाय आवाज नाही, आणि वीज खायचे. १९४७ साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर निघाला, आणि १९५४ साली तिथंच खिशात मावणारा पहिला रेडिओ बाजारात आला. वाघुराएवढ्या वॉल्व्हचं काम जोंधळ्याच्या दाण्याएवढी वस्तू करायला लागली आणि सेलवर भागायला लागलं. आमच्या वस्तीवर तवा वीज नव्हती. त्यामुळं तिकडं ती चैनीची वस्तू असंल, आमच्याकडं मात्र सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुण्याच्या बातम्या तिच्यामुळंच आल्या. सेल उतरले की आम्ही ते उन्हात ठेवायचो. उन्हानं ते चार दिवस जास्त चालायचे असं सगळं गाव मानायचं. रेडिओला पोस्टात लायसनही काढावं लागायचं, ते पुस्तक आण्णांच्या ट्रंकेत सात-बाराच्या शेजारी असायचं.

टेप आला तो चुलत्यांच्या हातून. आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं गलाईच्या धंद्यानं देशभर पांगलेली. सोनं-चांदी गाळायचा धंदा. काका केरळात होते. तिकडची पोरं आखातात जायची, येताना जपानी माल आणायची. त्यांतला एक टू-इन-वन काकांनी १९८४ साली दिवाळीला आणला. रेडिओ आणि कॅसेट एकातच. कॅसेट ही फिलिप्स कंपनीनं १९६३ साली काढलेली चीज. सी-साठच्या कॅसेटमध्ये दोन्ही बाजू मिळून एक तास, आत नव्वदएक मीटर पट्टी, आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. सी-नव्वदची पट्टी त्याहून पातळ, म्हणून यंत्रात गुंतायची जास्त. हे शिकायला माझ्या दोन कॅसेटी गेल्या. त्या काळात कॅसेटी स्वस्त झाल्या आणि प्रल्हाद शिंदेंचा आवाज आमच्याकडं चहाच्या टपरीपासून उसाच्या ट्रकपर्यंत पोचला.

वॉकमन जपानात १९७९ सालीच निघाला होता. माझ्या हातात आला तो दहा वर्षांनी, एका पाव्हण्याचा. आवाज असा की गाणारा डोक्यात बसलाय. पण पहिल्या वॉकमनला रेकॉर्डिंगच नव्हतं, नुसतं ऐकायचं. हेडफोन मात्र दोघांचे लागायचे, एवढं त्यांना सुचलं होतं. आमच्याकडं दोघांनी भागणार नव्हतं. खुरपणीला पंधरा बायका असल्या तर आवाज पंधराजणींना जायला पाहिजे. मी वॉकमन परत दिला.

फसलो तो १९९२ साली. जुना टू-इन-वन थकला म्हणून तालुक्याच्या गावी नवा घेतला. त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, १२०० वॅट पीएमपीओ. दुकानदाराचं नाव घेत नाही. घरी आणला, तर जुन्याएवढाही आवाज नाही. मग डोकं चाललं. पाच हॉर्सपॉवरची माझी विहिरीवरची मोटार, म्हंजे पावणेचार हजार वॅट. बाराशे वॅट म्हंजे दीड हॉर्सपॉवरच्या वर. एवढी ताकद सहा सेलांवर कुठनं येणार? यंत्राच्या बुडाला बारीक अक्षरात विजेचा आकडा होता, १२ वॅट. पीएमपीओ हा क्षणभराच्या ताकदीचा, कागदावर फुगवलेला आकडा. तवापासून मी कुठलीही वस्तू आधी पालथी करून बघतो.

आता आईचं सांगतो. १९८६ च्या उन्हाळ्यात तिच्या जात्यावरच्या ओव्या टेप करायचं मनात आलं. टू-इन-वन जात्याजवळ पोत्यावर ठेवला. ऐकलं तर नुसती घरघर. त्यातला माईक आवाजाची पातळी आपोआप धरायचा. आई श्वास घ्यायला थांबली की यंत्र जात्याचाच आवाज चढवायचं. म्हटलं, जातं राहू दे, नुसतं म्हण. ती पदर सावरून बसली, दोन ओळी म्हणाली आणि थांबली. "हात फिरल्याबिगर याद यीत न्हाय रं." मग जात्यात दाणे न घालता, पाळ खाली गोधडी घालून, रिकामा हात फिरवत तिनं म्हटलं. तासाची कॅसेट भरली.

कॅसेटच्या पाठीला दोन बारीक कान असतात. ते मोडले की तिच्यावर परत काही भरता येत नाही. मला ते माहीत होतं. मोडीन म्हटलं नि राहिलं. आई १९९१ ला गेली. पुढं द्राक्षबाग लावली, आणि एका संध्याकाळी रेडिओवर केवडा रोगाच्या फवारणीवर भाषण लागलं. घाईघाईत हाताला आली ती कॅसेट घातली आणि लाल बटण दाबलं. कुणा पोरानं नाही केलं, मीच केलं. एक बाजू गेली, दुसरीचीही निम्मी गेली, कारण भाषणाच्या पुढं बाजारभाव लागले आणि मी मोटार बंद करायला विहिरीवर गेलो होतो.

सीडी मी वगळतो. धूळ आणि सीडी यांचं जमत नाही. एमपीथ्रीचं मात्र कौतुक वाटलं. माणसाच्या कानाला जे ऐकू येणार नाही असं वाटतं ते काढून टाकायचं, म्हंजे सीडीच्या दहाव्या-अकराव्या हिश्शात गाणं बसतं. एका मिनिटाला साधारण एक एमबी. अमेरिकेतल्या अॅपलनं २००१ साली खिशात हजार गाणी म्हणून आयपॉड विकला. आमच्याकडं तेच काम दहाएक वर्षांनी नखाएवढ्या कार्डानं केलं. बाजारात मोबाइलवाला पैसे घेऊन कार्ड भरून द्यायचा. माझं कार्ड एकदा फोननंच वाचायचं सोडलं आणि सगळं गेलं. कॅसेट गुंतली तर पेन्सिल घालून फिरवता यायची. कार्डात पेन्सिल कुठं घालायची?

लेकीनं मध्ये कारवां दिला. जुन्या रेडिओसारखा दिसतो, आत पाच हजार गाणी. २०१७ साली निघालेली वस्तू. म्हाताऱ्या माणसाला बटणं मोठी, हे खरं. आण्णांच्या तीन प्रश्नांत दोन गुण पडतात. विट्यात कोण उघडंल, तिथं अडतं.

मागच्या वर्षी सांगलीत एक म्हातारा मिस्त्री सापडला, अजून टेप दुरुस्त करणारा. त्यानं हेड स्पिरिटनं पुसलं, रबरी पट्टा बदलला आणि कॅसेट लावली. आधी केवडा, मग शेंगांचा भाव, मग खट्ट आवाज, आणि तिथनं आई. सतरा मिनिटं. मिस्त्रीनं दुकानातला पंखा बंद केला. सगळं ऐकून झाल्यावर नातवानं ते फोनमध्ये उतरवून घेतलं, एक पेनड्राइव्हवर, एक लेकीकडं पाठवलं. घरी येऊन मी स्क्रूड्रायव्हरनं कॅसेटचे दोन्ही कान मोडले.