शेअर्ड फोल्डरचं कूळ

व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स सुरू होतं, बाहेरच्या होस्टवरचं फोल्डर आत दिसतं, आणि उघडायला जावं तर ‘परमिशन डिनाइड’. पहिली ठेच बहुतेकांना इथेच लागते. तिचं मूळ शोधत गेलं की आपण न्यू जर्सीतल्या मरे हिलला, बेल लॅब्जमध्ये पोचतो.

युनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक आणि इतर सहकाऱ्यांबरोबर तिथे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘प्लॅन नाइन’ ही नवी प्रणाली हाती घेतली. फाइल कुठल्याही यंत्रावर असो, ती मागायची भाषा एकच: नाइनपी. उघड, वाच, लिही, बंद कर, असे मोजकेच निरोप. या भाषेत फाइलचा मालक नावाने ओळखला जाई. युनिक्स आणि लिनक्स मात्र मालकाला आकड्याने ओळखतात. माझ्या मते पुढच्या बऱ्याचशा कटकटीचं बीज या फरकात आहे.

२००५ साली नाइनपी लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं. २०१०मध्ये आयबीएमच्या अभियंत्यांनी ते व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरमध्ये आणलं. होस्ट आणि गेस्ट (म्हणजे आत चालणारी प्रणाली) एकाच यंत्रावर, मग निरोप नेटवर्कवरून कशाला फिरवायचे? ते थेट मेमरीतून जाऊ लागले. पण गेस्टमधला १००० क्रमांकाचा माणूस होस्टवरही तोच असेल, याची खात्री कोण देणार? ‘मॅप्ड’ पद्धतीत गेस्टमधली मालकी होस्टवरच्या फाइलला जोडलेल्या वेगळ्या नोंदीत ठेवली जाते. प्रत्यक्ष मालक क्यूईएमयू चालवणाराच राहतो. हा उपाय मला फार सुंदर वाटतो.

व्हर्च्युअलबॉक्स या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरने नाइनपी न घेता स्वतःचा ड्रायव्हर लिहिला. आपोआप माउंट झालेल्या फोल्डरचा मालक तिथे रूट असतो आणि गट व्हीबॉक्सएसएफ. म्हणून आपलं नाव त्या गटात घालावं लागतं. तेवढं करूनही दार उघडत नाही, कारण गटांची यादी लॉगिनच्या वेळीच वाचली जाते. बाहेर पडून पुन्हा आत यावं, ‘आयडी’ ही आज्ञा देऊन गट दिसतो का पाहावं. फोल्डर मुळीच दिसत नसेल, तर कर्नल बदलल्यावर गेस्ट अॅडिशन्स (हा ड्रायव्हर ज्यात येतो तो संच) मागे राहिल्यात का, ते तपासावं.

२०१९मध्ये लिनक्स ५.४ बरोबर होस्टचं फोल्डर गेस्टला दाखवणारं व्हर्टिओएफएस आलं. त्याने नाइनपी सोडून फ्यूज या लिनक्सच्या फाइल-यंत्रणेचे निरोप घेतले. त्याच वर्षी विंडोजने मात्र आपल्या पोटातल्या लिनक्सच्या फाइली एक्सप्लोररमध्ये दाखवायला मरे हिलचं नाइनपीच निवडलं.