कोझिकोडची गाणी आणि आमची भाषा

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘तुमची भाषा तर उर्दू ना?’ बाहेरचे विचारतात, तसे घरचेही विचारतात. अशा वेळी आम्हाला केरळातल्या कोझिकोडची आठवण होते. अरबी समुद्राकाठच्या या बंदरातील मापिळा मुसलमानांनी या प्रश्नाचे उत्तर चारशे वर्षांपूर्वीच गाऊन ठेवले आहे.

१६०७ साली कोझिकोडचे काझी मुहम्मद यांनी शेख अब्दुल कादिर जिलानी यांच्या स्तुतीपर ‘मुहयिद्दीन माला’ रचली. भाषा मल्याळम, लिपी अरबी. साल नोंदलेली या अरबी-मल्याळममधील ही सर्वांत जुनी ज्ञात रचना. (श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा मराठी ‘योगसंग्राम’ही त्याच शतकातला.) मगरिबनंतर घरोघरी ही माला म्हटली जाई, बायकांना ती तोंडपाठ असे.

याच काझींनी ‘फत्हुल मुबीन’ हे अरबी काव्यही लिहिले. १५७१ मध्ये सामुतिरी राजाच्या नायर आणि मापिळा सैनिकांनी मिळून पोर्तुगीजांचा चालियमचा किल्ला घेतला, त्याची ती हकीकत. म्हणजे काझींना अरबी उत्तम येत होती. तरीही घराघरांत म्हणायची रचना त्यांनी मातृभाषेतच केली, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

ही परंपरा पोथीत अडकली नाही. लग्नघरी नवरीला मधोमध बसवून बायका टाळ्यांच्या तालावर ‘ओप्पना’ गातात. बंगालहून आलेले गवई जान मुहम्मद यांचे चिरंजीव एम. एस. बाबुराज यांनी कोझिकोडच्या मैफली गाजवल्या आणि ‘भार्गवीनिलयम’सारख्या (१९६४) चित्रपटांना संगीत दिले. १९७०च्या दशकात एस. ए. जमील यांचे ‘दुबई पत्र-गीत’ आले : आखातात गेलेल्या नवऱ्याला बायकोने लिहिलेले पत्र. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमान घरांना हा विरह नवा नाही.

२०१८ मध्ये ‘माणिक्य मलराय पूवी’ हे मापिळा गीत एका चित्रपटामुळे देशभर पोहोचले. हजरत पैगंबर (स.) आणि हजरत खदिजा यांच्या प्रेमाचे हे गीत पी. एम. ए. जब्बार यांनी कित्येक वर्षांपूर्वी लिहिले होते आणि मलबारच्या लग्नघरांत ते आदराने गायले जात होते. हैदराबादेत मात्र भावना दुखावल्याचा गुन्हा नोंदवला गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मलबारच्या मुसलमानांना जे गाणे श्रद्धेचे वाटत होते, तेच दूरच्यांना अवमानाचे वाटले.

आपल्या लोकांची भाषा आपणच जपली नाही, तर तिचा अर्थ दुसरे लावतात. आपल्या आज्या-नान्या हळदीला जी गाणी म्हणत, ती आपल्यापैकी कितीजणांनी लिहून घेतली आहेत? उर्दूच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी आपण हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.